उद्याचा फुगा कुठून सोडायचा?

५ जुलै १९७९, गुरुवार. पहाटेचे पाच वाजायला आलेत आणि तुम्ही नागपुरात, सोनेगाव विमानतळालगतच्या हवामान केंद्राच्या आवारात उभे आहात. समोरच्या शेडमध्ये रबराचा फुगा भरला जातोय. काडेपेटी, विडी, सिगारेट सगळं दाराबाहेर ठेवावं लागलंय, कारण आत हायड्रोजन आहे. फुग्याला ओल्या रबराचा आणि शंखजिऱ्याचा वास येतो. भरणारा माणूस त्याला हळूच खाली ओढून बघतो, किती जोराने वर खेचतोय याचा अंदाज घेतो आणि आणखी थोडा वायू सोडतो. बाहेर दुसऱ्याच्या हातात पांढरा, हलका खोका आहे. त्यात तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजायची सोय आहे आणि ते आकडे खाली पाठवणारा छोटा रेडिओ. जमिनीवरच्या उपकरणाशी तो नुकताच ताडून घेतलाय. वर जाऊन त्याने खोटं बोलू नये, म्हणून ही उठाठेव.

फुगा सुटतो. तुमची मान आपोआप वर जाते. मिनिटाला साधारण तीनशे मीटर, असा तो चढतोय. पावसाळ्यात खालच्या थरात पश्चिमेचा वारा असतो, म्हणून आधी तो पूर्वेला, मौद्याच्या बाजूला कलतो. सहा-सात किलोमीटरच्या वर गेला की तिथे पूर्वेचा वारा त्याला धरतो आणि उलटा पश्चिमेकडे नेतो. एकाच आकाशात दोन उलटे वारे एकावर एक वाहतायत, हे खाली उभ्या माणसाला कधी कळत नाही. फुगा ते दीड-दोन तासांत सांगून टाकतो. पंचवीस-तीस किलोमीटरवर, जिथे हवा अगदी विरळ होते, तिथे तो फुगून फुगून फुटतो.

आत टेलिप्रिंटर खडखडू लागतो. पाच-पाच आकड्यांचे गट. त्यात एक गट ४२८६७, म्हणजे नागपूर. जगातल्या कुठल्याही हवामान कचेरीत तो गट दिसला की तिथल्या माणसाला कळतं की आज सोनेगाववर हवा कशी होती. याच वेळी, ग्रिनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या साडेपाचच्या गणिताने, जगभरच्या केंद्रांतून फुगे उडतात. बारा तासांनी पुन्हा. ही शिस्त फार मोठी गोष्ट आहे. पण तिच्यातच अडचणही आहे. नागपूरचा फुगा नागपूरहूनच उडतो, पहाटे आणि संध्याकाळीच उडतो. वादळाला ना जागेचं बंधन, ना वेळेचं.

या घटकेला असंच एक वादळ इथून हजारभर किलोमीटर पूर्वेला, बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाशी आकार घेतंय. तिथे समुद्रात फुगा सोडायला केंद्र नाही. म्हणून तुम्ही हावड्याकडे जाणारी गाडी धरता.

तासा-दीड तासात गाडी वरठीला थांबते. पाटीवर नाव ‘भंडारा रोड’ आहे. भंडारा शहर दहाएक किलोमीटर दक्षिणेला राहिलं, रूळ मात्र वरठीवरून गेले. सनफ्लॅगचा पोलाद कारखाना अजून यायचाय. गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यातच आहे आणि १९९९ पर्यंत राहणार आहे. आर्द्रा सरून पुनर्वसू लागतंय. फलाटाच्या टोकापलीकडे धानाच्या बांध्या दिसतात. पऱ्हे हातभर वाढले की उपटून रोवायचे, आणि त्या वेळी बांधीत पाणी उभं हवं. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावात साठा असला तर थोडा धीर, नाहीतर नजर आभाळाकडे.

डब्यात चढलेला एक म्हातारा तुमच्यासमोर बसतो. धोतर, डोक्याला दुपट्टा, हातात रिकामी पिशवी.

“कुठं चालले जी?”

“कलकत्त्याला.”

“काहून?”

“तिकडे समुद्रावर पाऊस तयार होतोय म्हणतात. विमानं जाणार आहेत बघायला.”

तो खिडकीबाहेर, गाडी जाते त्या दिशेला बघतो. “तिकडूनच येते जी आपल्याकडचा पानी. पन येते येते म्हनता म्हनता कधी वरच्या वरूनच निघून जाते.”

त्याने दोन वाक्यांत सगळा विषय मांडलाय. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरच्या पुढे गेला की हवामान खातं त्याला डिप्रेशन म्हणतं. ओडिशाचा किनारा ओलांडून ते पश्चिम-वायव्येला निघतं आणि दिवसाला तीनशे ते पाचशे किलोमीटर कापत छत्तीसगड, मध्य प्रदेश, विदर्भ असं येतं. जवळपास याच रेल्वेच्या वाटेने, उलट्या दिशेने. त्याचा सगळ्यात जोराचा पाऊस मध्यावर पडत नाही, मध्याच्या नैर्ऋत्येला पडतो. म्हणून मध्य रायपूर-जबलपूरच्या बाजूने गेला की विदर्भाच्या पूर्व भागाला पाऊस झोडपतो. वाट शंभर किलोमीटर वर सरकली, तर म्हाताऱ्याच्या बांधीतला पाऊस बालाघाट-सिवनीत पडतो. पुढे तिकडच्या पावसाचं काय होतं, ते तुम्हाला एक्केचाळीस वर्षांनी दिसणार आहे.

रायपूर, बिलासपूर, रात्र, आणि सकाळी हावडा.

कलकत्त्यात डमडम विमानतळावर अमेरिकेहून आलेली संशोधन विमानं उभी आहेत. मोनेक्स, म्हणजे मान्सूनवरचा आंतरराष्ट्रीय प्रयोग, चालू आहे. जूनमध्ये हाच काफिला मुंबईत होता आणि अरबी समुद्रावर मान्सून कसा येतो ते बघत होता. आता तो इकडे आलाय. नासाचं कन्वेअर ९९० उंचावरून उडतं. नोआ या अमेरिकी हवामान-समुद्र संस्थेचं चार पंख्यांचं पी-३ ढगांच्या पोटात शिरतं. भूस्थिर उपग्रहाचं चित्र मिळावं म्हणून अमेरिकेने आपला गोज-१ मुद्दाम हिंदी महासागरावर आणून ठेवलाय. हे चित्र पसरून माणसं भोवती उभी आहेत आणि ठरवतायत की उद्या विमान कुठल्या रेघेने न्यायचं.

त्यांच्या बोलण्याकडे कान द्या. इंधन किती, परतायला किती लागेल, कलकत्त्यावरच ढग आले तर उतरायचं कुठे, हे सगळं आहेच. खरा वाद वेगळ्यावर आहे. मध्यातून जायचं की कडेने? मध्य मोहक असतो, सगळ्यांना तिथेच जायचं असतं. पण क्षेत्राला पुढे ढकलणारा वारा भोवताली असतो. तिथे काय चाललंय हे कळलं नाही तर ते उद्या कुठे जाईल ते कळत नाही. १९७९ मध्ये हा निवाडा माणसाच्या अनुभवावर होतो. गणिताची मदत अजून आलेली नाही.

तुम्ही विमानात आहात. खाली ढगांचा पांढरा पट्टा, फटींतून दिसणारा करडा समुद्र. मागच्या बाजूच्या नळीतून एक दंडगोल खाली सोडला जातो. क्षणात छोटी छत्री उघडते. हा उलटा फुगा आहे, ड्रॉपसाँड. चढण्याऐवजी उतरत उतरत मोजतो. ओमेगा नावाच्या, जहाजांना आणि विमानांना वाट दाखवण्यासाठी बांधलेल्या रेडिओ यंत्रणेचे संकेत तो पकडतो, त्यावरून त्याची जागा ठरते आणि तो किती सरकला त्यावरून वारा कळतो. पडद्यासमोर बसलेला माणूस ओळी उतरवून घेतोय. दंडगोल पाण्यात पडतो, संकेत तुटतो. तोवर पुढचा तयार असतो. त्या ५ ते ८ जुलैच्या डिप्रेशनवर पुढे कित्येक वर्षं निबंध लिहिले जाणार आहेत. भारतीय उपखंडावरचं हे सगळ्यात बारकाईने मोजलेल्या डिप्रेशनांपैकी एक आहे.

एक गोष्ट मात्र मला सलते. हे मोजमाप मुख्यतः अभ्यासासाठी होतं. वरठीच्या म्हाताऱ्याला त्याच आठवड्यात त्याचा फारसा उपयोग व्हायचा नव्हता. आकडे फितींवर बसले आणि फिती प्रयोगशाळांत गेल्या. त्यात चूक कुणाची नव्हती, यंत्रणाच तशी होती. १९७९ चा पावसाळा देशभर तुटीचा ठरला, आणि त्याच तुटीच्या वर्षात ११ ऑगस्टला गुजरातेत मच्छूचं धरण फुटून मोरबीत हजारोंचा जीव गेला. एकाच वर्षात दुष्काळ आणि पूर. सरासरीचा अंदाज कितीही बरोबर निघाला, तरी ठरावीक तारखेला, ठरावीक खोऱ्यात काय होणार हे कळल्याशिवाय माणूस वाचत नाही.

आता काळ पुढे सरकतो. १९९७ चा जानेवारी. अटलांटिकवर हिवाळी वादळांचा मोसम आहे आणि फास्टेक्स नावाचा प्रयोग चालू आहे. इथे फार थांबायचं नाही, एकच गोष्ट बघायची. वादळ युरोपवर यायला दोन दिवस आहेत. विमान मात्र अटलांटिकच्या पलीकडच्या काठावरून, न्यूफाउंडलंडहून उडतं आणि जिथे अजून वादळच नाही अशा जागी ड्रॉपसाँड सोडतं. त्या जागेकडे गणिताने बोट दाखवलंय.

ते गणित समजून घेण्यासारखं आहे. संगणकाला आजची हवा एकदाच न सांगता थोड्या थोड्या फरकाने अनेकदा सांगतात. प्रत्येक वेळी तो पुढच्या तीन दिवसांचा वेगळा अंदाज देतो. भारतात २०१८ च्या जूनपासून बारा किलोमीटरच्या बारीक जाळीवर अशा २१ प्रती रोज काढल्या जातात. सगळ्या प्रती एकच सांगत असतील तर काळजी नाही. त्या फाकल्या, म्हणजे काहींत पाऊस भंडाऱ्यावर आणि काहींत सिवनीवर पडला, तर मागे जाऊन शोधायचं की आज कुठल्या जागची हवा नीट माहीत नसल्यामुळे तीन दिवसांनंतरचं हे अंतर पडलं. ती जागा बऱ्याचदा ज्या गावाची काळजी आहे तिथे नसते. ती शेकडो किलोमीटर दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला असते. एडवर्ड लॉरेन्झ आणि केरी इमॅन्युएल यांनी १९९८ मध्ये याच प्रश्नावर, जादा निरीक्षणासाठी उत्तम जागा कोणती यावर, शोधनिबंध लिहिला. क्रेग बिशप आणि झोल्टन तोथ यांनी अनेक प्रतींच्या फाकण्यातून अशी जागा हिशेबाने काढण्याची रीत बसवली. २००३ मध्ये तैवानने हे टायफूनच्या बाबतीत सुरू केलं. तिथलं छोटं जेट टायफूनच्या पोटात शिरत नाही, भोवतीने चक्कर मारत ड्रॉपसाँड सोडतं, आणि ते आकडे त्याच दिवशी अंदाजात जातात. कलकत्त्यातला मध्य की कडा हा वाद तिथे असा निकालात निघाला.

आणि आता तुम्ही पुन्हा वरठीत. २८ ऑगस्ट २०२०.

स्टेशनावर शुकशुकाट आहे. टाळेबंदी सैल झाली असली तरी नेहमीच्या प्रवासी गाड्या बंदच आहेत. एखादी विशेष गाडी जाते, बाकी मालगाड्या. पूर्वेकडून एक क्षेत्र आलंय, त्याच जुन्या वाटेने, उपसागरातून छत्तीसगड, मध्य प्रदेश असं. हा ऑगस्ट संपेल तेव्हा देशात सरासरीहून २७ टक्के जास्त पाऊस झालेला असेल. धान आता पोटरीकडे निघालाय. १९७९ च्या म्हाताऱ्याला जे पाणी हवं होतं, त्याची आता भीती वाटतेय.

मात्र वरठीवर किती पडतोय याकडे बघत राहू नका. उत्तरेकडे बघा. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते. तिच्यावर तिथे भीमगडचं धरण आहे, संजय सरोवर. पाऊस तिकडे, तिच्या वरच्या खोऱ्यात कोसळतोय. धरणातून पाणी सोडावं लागतं, ते बालाघाटवरून खाली येतं, वाटेत दुसऱ्या नद्या मिळतात. २९-३० तारखेला भंडाऱ्यात नदी घरांत शिरते. कारध्याच्या पुलाशी धोक्याची पातळी २४५.५० मीटर आहे आणि पाणी ती कधीच ओलांडून गेलंय. खाली गोसीखुर्द धरणाची ३३ दारं उघडलेली आहेत, तरी पाणी मावत नाही. शहराच्या सखल वस्त्यांत माणसं छपरांवर आहेत. होड्या फिरतायत. पुढे ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत हेच.

म्हणजे भंडाऱ्याचा पूर भंडाऱ्याच्या आभाळात ठरत नाही. पाऊस शंभर किलोमीटर उत्तरेला सरकला तर वरठीचा माणूस सुटला असं नाही. तो पाऊस नदीने त्याच्याकडे येतो, दीड-दोन दिवस उशिरा, एकगठ्ठा. त्यामुळे इथल्या लोकांसाठी खरा प्रश्न असा की क्षेत्राचा नैर्ऋत्येकडचा हिस्सा वैनगंगेच्या कुठल्या तुकड्यावर, किती तास थांबणार. धरणाचं दार आदल्या दिवशी थोडं उघडायचं की वाट बघायची, हे त्याच उत्तरावर अवलंबून असतं. ते दार उघडणाऱ्या अभियंत्याच्या हाती फाकलेल्या प्रती असतील, तर तो वाट बघतो, आणि मला त्याला दोष देववत नाही. धरण रिकामं केलं आणि पाऊस आलाच नाही, तर पुढच्या उन्हाळ्याचा जाबही त्यालाच विचारतात.

त्या वर्षी आणखी एक उणीव होती. जगभरची प्रवासी विमानं उडताना वारा आणि तापमान मोजतात आणि ते आकडे अंदाजात जातात. मे २०२० मध्ये जागतिक हवामान संघटनेने कळवलं की विमानं जमिनीवर उभी राहिल्याने ही मोजमापं सरासरी ७५ ते ८० टक्क्यांनी घटलीयत. वैनगंगेचा पूर त्यामुळे आला किंवा त्याचा अंदाज चुकला असं म्हणायला आधार नाही, आणि मी तसं म्हणत नाही. पण अंदाजाची कुणाकुणावर भिस्त आहे, हे त्या वर्षी उघड झालं.

आता मागे चला, पुराच्या आधी, २६ ऑगस्टच्या दुपारी. एक खोली कल्पा. अशी बैठक त्या दिवशी झाली असं मी सांगत नाही. ती कशी व्हावी हे मला सांगायचंय.

टेबलावर २१ प्रती आहेत. कुणीतरी विचारतं, वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यातला पाऊस कुठल्या जागेच्या अज्ञानामुळे फाकतोय? उत्तर येतं, छत्तीसगडवरचा मधल्या थरातला वारा आणि ओडिशाच्या किनाऱ्यालगतची आर्द्रता. मग हाताशी काय आहे ते बघायचं. रायपूर, जगदलपूर, भुवनेश्वर, नागपूर, इथे फुगे सोडायची केंद्रं आहेतच. ती पहाटे आणि संध्याकाळी सोडतात. निवडक दिवशी मधल्या वेळी, सकाळी साडेअकरा आणि रात्री साडेअकराला, जादा फुगा सोडायला नवं केंद्र लागत नाही. फुगा लागतो, यंत्र लागतं, जागी राहणारी माणसं लागतात, आणि आधी कळवावं लागतं. ही कळवण्याची वेळच सगळ्यात अवघड. उद्या सकाळी सोडायचा फुगा आज दुपारी ठरायला हवा, म्हणजे परवाचा अंदाज आज विश्वासाने वाचता आला पाहिजे.

हे भारताला नवं नाही. पूर्व आणि ईशान्य भारतातल्या उन्हाळी वादळांसाठी २००६ पासून ‘स्टॉर्म’ प्रकल्पात, आणि उपसागरातल्या चक्रीवादळांसाठी २००८ पासून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या विशेष मोहिमेत, ठरावीक दिवस निवडून जादा मोजमापं घेतली गेली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २००९ पासून कायपीक्स प्रयोगात विमान ढगांत नेलं. २०१६ मध्ये ब्रिटिश संशोधन विमान लखनौ आणि बेंगळुरूहून मान्सूनवर उडालं. भोपाळजवळ सिहोर जिल्ह्यात, सिलखेड्याला, त्याच पुण्याच्या संस्थेने मान्सूनच्या वाटेवरच निरीक्षणांचं मोठं केंद्र उभारलंय. माणसं आहेत, हात आहेत, अनुभव आहे. नाहीत त्या दोन गोष्टी: वादळ दिसलं की नेमाने उठून जाणारं आपलं विमान, आणि ते कुठे पाठवायचं हे रोज ठरवणारं टेबल. प्रयोग संपला की विमान परत जातं आणि पुढचा पावसाळा पुन्हा ठरलेल्या जागांच्या फुग्यांवर निघतो.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शरण्य मजुमदार यांनी २०१६ मध्ये अशा सगळ्या मोहिमांचा आढावा घेतला. त्यातून दिसतं की फायदा सरासरीने माफक असतो. काही वादळांत अंदाज बराच सुधारतो, काहींत काहीच होत नाही, कधी बिघडतोसुद्धा. उपग्रह इतके झालेत की मोकळी जागा कमी उरलीय. आणि मान्सूनचा पाऊस ढगागणिक बदलतो, तिथे चूक काही तासांत वाढते. तेव्हा विमान घेतलं की पूर टळेल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नये. पण समुद्र आणि छत्तीसगड यांच्यामधल्या दोन दिवसांच्या वाटेत, ढगांच्या खालच्या आणि मधल्या थरातला वारा आजही उपग्रहाला पुरता दिसत नाही. तो फुग्याला आणि ड्रॉपसाँडला दिसतो. पूर्व विदर्भाच्या वाट्याला येणारा पाऊस नेमका त्याच थरातून येतो. म्हणून सरासरी माफक असली तरी या खोऱ्यासाठी मला हे हवं आहे, आधी जादा फुगे, मग विमान.

खोलीत साडेतीन वाजलेत. कागद पुढे सरकतो. रायपूर, उद्या साडेअकराला एक, रात्री एक. जगदलपूर, तसंच. भुवनेश्वरला फक्त सकाळचा, संध्याकाळचा नेहमीचा पुरेल. नागपूर नको, तिथलं आज सगळ्या प्रतींत एकसारखं आहे. कुणीतरी हरकत घेतं की नागपूर विदर्भाचं केंद्र, तिथे जादा फुगा नाही म्हणजे लोक काय म्हणतील? तुम्हीही तिथे बसलेले आहात. तुमचं उत्तर तयार आहे: नागपूरचा फुगा उद्या नागपूरची हवा सांगेल, भंडाऱ्याचा पूर रायपूरच्या फुग्यात आहे. यादीवर सही होते, आणि रायपूरला फोन लावला जातो, गॅसच्या टाक्या भरलेल्या आहेत ना, आणि रात्रपाळीला कोण आहे हे विचारायला.